लेकरावर केस झाली, आता घरानं आणि गावानं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात काही बचत गटाच्या बाया आणि दोन निवृत्त मास्तर मिळून एक साधं काम करतो. अठराच्या आतल्या पोरावर किंवा पोरीवर पोलीस केस झाली, की त्या घरासोबत पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, जातो. आमच्यात वकील कोणी नाही. जे पाहिलं, जे विचारून-विचारून शिकलो, ते इथं लिहितो आहोत. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

पोलीस पोराला घेऊन गेले. रात्रीचे नऊ वाजले आहेत. आता काय?

एकट्या मायला ठाण्यावर पाठवू नका. दोघं-तिघं जा, त्यात एक तरी बाई असू द्या. शाळेचा दाखला आणि आधार कार्ड सोबत घ्या. पोराला रोजच्या गोळ्या असतील तर त्याही घ्या. ठाण्यावर गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?" प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असावा लागतो. जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं. लेकरू यांच्याच ताब्यात असायला हवं.

बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. त्याच्याशी बोलणारा अधिकारी साध्या कपड्यांत असावा लागतो. आईबापाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. पोराकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नसते, हे पोरालाही सांगून ठेवा. घाबरलेलं लेकरू पुढं केलेल्या कागदावर सही करून मोकळं होतं.

मारहाण झाली असेल तर ती मंडळापुढे पहिल्याच दिवशी सांगायची. "आता बोललो तर पुढं जास्त मारतील" या भीतीनं घरची माणसं गप्प बसतात आणि आठ दिवसांनी वळ मिटलेले असतात. पोरानं स्वतः सांगितलं तर उत्तम. त्याची जीभ उचलत नसेल तर मायनं उभं राहून सांगावं आणि वैद्यकीय तपासणी मागावी.

अजून एक. बारीकसारीक आणि मध्यम स्वरूपाच्या गुन्ह्यात, त्यात मोठा माणूस सामील नसेल तर, मुलावर एफआयआर नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा, असा नियम आहे. हे गावात जवळपास कोणाला माहीत नसतं. नम्रपणे विचारायला हरकत नाही.

त्यानं केलं, तो भोगेल. गावानं मध्ये कशाला पडायचं?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. विचारणारी माणसं वाईट नसतात. ज्याची मोटार विहिरीवरून गेली किंवा ज्याच्या दुकानाची कडी तुटली, त्याला राग येणारच.

पण बाल न्याय कायदा गावाला बाहेर ठेवत नाही, तो गावालाच विचारतो. मुलाला सोडायचं की नाही, हे ठरवताना मंडळ कलम १२ बघतं. त्यात मुलाला सोडणं हाच नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो की नसो. नाकारायचं तर तीनच कारणं चालतात: सुटल्यावर तो माहीतगार गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, किंवा त्याला शारीरिक, मानसिक अथवा नैतिक धोका होईल, किंवा सोडल्यानं न्यायाचा हेतूच फसेल. पहिली दोन कारणं पुन्हा वाचा. तो कोणाच्या संगतीत जाईल आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवील, याचं उत्तर ठाण्यात मिळत नाही. ते गल्लीत मिळतं. परिवीक्षा अधिकारी म्हणजे प्रोबेशन ऑफिसर घर बघायला येतात, शेजाऱ्यांशी, मास्तरांशी बोलतात आणि अहवाल लिहितात. शेजारी म्हणाला, "त्या घराचं काही सांगू नका साहेब", तर ते वाक्य कागदावर जातं. शेजारीण म्हणाली, "बाप पितो हे खरं, पण आजी खमकी आहे आणि पोरगं तिचं ऐकतं", तर तेही कागदावर जातं. या दोन वाक्यांमुळं पोराचे दोन महिने घरी जातील की निरीक्षणगृहात (केस चालू असताना मुलांना ठेवतात ती जागा), यात फरक पडू शकतो.

खोटं बोला, असं आम्ही कधीच म्हणत नाही. खरं सांगा, पण पूर्ण सांगा.

जमानतीला सातबारा लागतो म्हणतात. आमच्याकडे वावरच नाही.

मोठ्यांच्या कोर्टातला अनुभव इथं चिकटवू नका. मुलाला जामीनदार घेऊन किंवा जामीनदाराशिवायही सोडता येतं. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येतं, नाहीतर "योग्य व्यक्ती"च्या स्वाधीन करता येतं. आईबाप वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले असतील तर आजी, मामा, थोरली विवाहित बहीण पुढं येऊ शकते. आईबाप किंवा पालक हमीपत्र लिहून देतात की पोराला तारखेला आणू, शाळेत पाठवू, अमक्यासोबत फिरू देणार नाही.

एका भूमिहीन घरानं सातबाऱ्यासाठी पाटलाच्या दारात चार दिवस घातले, तोवर लेकरू आतच होतं. सातबारा कोणी मागितला होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितलं होतं, एवढंच. टपरीवरचा सल्ला हा आपल्या भागातला मोठा रोग आहे.

जामीन मिळाला पण सात दिवसांत अट पाळता आली नाही म्हणून मूल आतच राहिलं, तर त्याला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलायची तरतूद कायद्यातच आहे. अट जड वाटली तर गप्प बसू नका, तिथल्या तिथं सांगा: "एवढं आम्हाला जमत नाही, हे जमेल."

वयाचा दाखला कोणता चालतो? त्याची खरी जन्मतारीख आम्हालाच पक्की ठाऊक नाही.

आपल्याकडं किती लेकरांची जन्मतारीख १ जून आहे ते बघा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजे लिहिलेली तारीख आयुष्यभर चिकटते. एरवी तिचं काही बिघडत नाही, केसमध्ये मात्र तीच तारीख सगळं ठरवते. घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण होते की नव्हते, एवढंच बघितलं जातं. पकडलं त्या दिवशीचं वय किंवा निकालाच्या दिवशीचं वय धरत नाहीत.

कायद्यात क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीची सनद. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी, म्हणजे हाडांवरून वय काढणं. या क्रमात आधार कार्डाला जागा नाही. नुसता टीसी नेला तर त्यावर वाद निघू शकतो. म्हणून मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचंच प्रमाणपत्र मागा आणि दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा जोडून ठेवा. शाळा बंद पडली असेल तर तिचं रेकॉर्ड कुठं गेलं, हे केंद्रप्रमुखांना विचारा.

पोरगं अठराच्या आतलं असूनही मोठ्यांच्या कोर्टात उभं केलं गेलं, असंही होतं. अंगानं थोराड असतं, मजुरीनं हात राठ झालेले असतात, बघणाऱ्याला वीस-बावीसचं वाटतं. "घटनेच्या वेळी मी लहान होतो" हा दावा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर करता येतो, निकाल लागून गेल्यावरसुद्धा. जेलमधल्या पोराच्या आईबापांनी हे आवर्जून वाचावं.

वकील कुठून आणायचा? पैसे नाहीत.

मुलाला सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याची विधी सेवा समिती, दोन्ही कोर्टाच्या आवारातच असतात. राष्ट्रीय विधी सेवेचा १५१०० हा नंबरही आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो.

फुकटचा वकील म्हणजे कमी प्रतीचा, हा समज सोडा. आमच्या अनुभवात खरी अडचण वेगळी असते. वकिलाला घरची हकीकत कोणी सांगत नाही. पोरगं कितवीत होतं, घटनेच्या दिवशी कुठं होतं, त्याला फिट येते का, बाप कधी वारला, हे सगळं एका कागदावर लिहून वकिलाच्या हातात द्या. लिहिता येत नसेल तर गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसवा. ती पोरगी हे बाहेर बोलणार नाही, एवढं आधी पक्कं करा.

परिवीक्षा अधिकारी घरी येणार आहेत. काय दाखवायचं, काय सांगायचं?

घर सारवून, उसन्या खुर्च्या मांडून दाखवायची गरज नाही. त्यांनी आपल्यापेक्षा हलाखीची घरं पाहिलेली असतात. अटकेनंतर दोन आठवड्यांत त्यांना सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो, त्यामुळं ते घाईत येतात. तुम्ही वावरात असाल तर गाठ पडत नाही आणि अहवालात घराची बाजू कमजोर राहते. म्हणून आपण होऊनच फोन करा: "साहेब, मॅडम, आम्ही सवंगणीला असतो, संध्याकाळी सहानंतर या, किंवा दिवस सांगा, आम्ही घरी थांबतो."

त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी कामाच्या. पहिली म्हणजे घरात काय चुकलं ते कबूल करणं: बापाची दारू, दोन वर्षांपासून सुटलेली शाळा, मोबाईलवरचा जुगार. दुसरी म्हणजे आता नेमकं काय बदलणार. "नीट सांभाळू" या शब्दांनी कागदावर काही उतरत नाही. "सोमवारपासून मामाच्या गॅरेजवर जाईल, मामा इथंच बसले आहेत, त्यांना विचारा" असं म्हटलं की अधिकाऱ्याला लिहायला काहीतरी मिळतं. मामा, मास्तर, अंगणवाडी ताई, पोलीस पाटील यांच्यापैकी जो कोणी लक्ष ठेवायला खरंच तयार असेल, त्याला त्या दिवशी घरी बोलवा. तयार नसलेल्या माणसाला भिडेखातर बसवू नका. तो पुढं येत नाही आणि दिलेला शब्द खोटा पडतो.

पेशी जिल्ह्याला असते. दरवेळी जाणं परवडत नाही.

खरं आहे. बाल न्याय मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतं. उमरखेडच्या घराला यवतमाळ, धारणीच्या घराला घाट उतरून अमरावती. सिरोंच्याच्या माणसानं तर गडचिरोलीला जायला दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर कापायचं. पहाटेची एसटी, दिवसभर बाकड्यावर बसणं, आणि चार वाजता कळतं की पुढची तारीख मिळाली. दोन माणसांची रोजी बुडाली, भाडं गेलं. असं तीनदा झालं की बाप येणं सोडतो. महिन्याभरात मायही सोडते. मंडळाच्या कागदावर मात्र एवढंच दिसतं: "पालक गैरहजर."

आमचं सगळं काम इथूनच सुरू झालं. कापसाच्या वेच्याचे दिवस होते. एका बाईला पेशीला जायचं होतं आणि मजुरी सोडली तर घरात चूल पेटत नव्हती. तिच्या पाळीचा कापूस बाकीच्या सात जणींनी वेचून दिला आणि आठवी तिच्यासोबत गेली. त्यात भाषण नव्हतं, वर्गणी नव्हती. नंतर हीच रीत पडली. तारीख कळली की कोण सोबत जाणार आणि घरातली लहान लेकरं कोणाकडे जेवणार, हे आदल्या संध्याकाळी ठरतं. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं सोबत जाणारी शक्यतो बाईच असते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना तर एसटी मोफतच आहे.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यात एक तरी बाई असतेच. तिथं पिंजरा नसतो, कोर्टासारखा थाट नसतो. आपली अडचण साध्या मराठीत सांगता येते. वऱ्हाडीत बोललात तरी चालतं. पुढची तारीख बाजाराच्या दिवशी नको, शाळेच्या परीक्षेच्या दिवशी नको, असं सांगून बघा. आमच्या वेळी दोनदा ऐकलं गेलं.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढतात. किरकोळ गुन्हा असेल आणि या मुदतीतही चौकशी संपली नाही, तर प्रकरण बंद करायची तरतूद आहे. मुदत संपत आली की वकिलाला आठवण करून द्या.

निरीक्षणगृहात ठेवलं आहे. भेटायला जावं का? रडतो आणि आम्हीही रडतो.

जा. भेटीचा दिवस आणि वेळ पहिल्याच फेरीत विचारून घ्या. "तू असं का केलंस" हा प्रश्न तिथं नको, त्यासाठी पुढं वेळ आहे. म्हशीला रेडी झाली, बहिणीचा नंबर आला, पऱ्हाटीला बोंडं धरली, असं घरचं सांगा. आपली जागा घरात अजून आहे, हे लेकराला कळतं.

दारूच्या बाटल्या पोहोचवताना पकडला. त्याला पाच-पन्नास रुपये मिळायचे, माल दुसऱ्याचा.

वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. बंदी असली तरी दारू येते, आणि ती इकडून तिकडं न्यायला लहान पोरं वापरली जातात, कारण पोरावर संशय कमी आणि पकडलं गेलं तरी धंदेवाला नामानिराळा.

इथं बाल न्याय कायदा स्पष्ट आहे. मुलाला दारू किंवा अमली पदार्थ विकायला, न्यायला, पोहोचवायला लावणाऱ्याला कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दुसऱ्या कुठल्या बेकायदा कामाला मुलं वापरली तर कलम ८३ आहे. म्हणजे अशा केसमध्ये तुमचं पोरगं फक्त आरोपी नाही, ते वापरलं गेलेलं लेकरू आहे. माल कोणाचा होता, हे वकिलामार्फत मंडळापुढे यायला हवं. आम्हाला ठाऊक आहे की हे नाव घेणं गावात सोपं नाही. त्या माणसाचं बळ असतं, उधारी असते, कधी नातंही असतं. म्हणूनच नाव एकट्या घरानं घ्यायचं नसतं. चार घरं सोबत उभी राहिली की धमकी द्यायला तोही कचरतो.

पोरगा सतरा, पोरगी सोळा. दोघं पळून गेले होते. आता पोक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागला आहे.

अशा केसेस आमच्याकडं वाढत्या आहेत आणि सगळ्यात जास्त मनस्ताप यांचाच. अठराच्या आतल्या मुलीची "मर्जी होती" हे पोक्सो कायदा, २०१२ मानत नाही. शरीरसंबंधाचा आरोप असेल तर कमीत कमी शिक्षाच दहा वर्षांची, मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस वर्षांची. कमीत कमी सात वर्षं किंवा जास्त शिक्षा असलेला गुन्हा बाल न्याय कायद्यात "अतिगंभीर" धरला जातो. त्यामुळं सोळा पूर्ण झालेल्या पोराच्या बाबतीत मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. त्याला परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत घडलं, हे तपासतं आणि त्यासाठी मानसतज्ज्ञाची मदत घेऊ शकतं. याला तीन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर खटला मंडळातच राहतो किंवा बाल न्यायालयाकडे जातो, जिथं मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. तिकडं गेला तरी एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला जेलमध्ये ठेवत नाहीत, सुरक्षित स्थानात ठेवतात. फाशी देता येत नाही. सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. बाल न्यायालयाकडे पाठवण्याच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. हे ३० दिवस रडण्यात घालवू नका.

पोरीकडंही बघा. ती बाल कल्याण समितीपुढे जाते. घरी परतायला तयार नसेल किंवा घरात जिवाला धोका असेल, तर बालगृहात राहते. आम्ही पोराच्या घरी जातो तसंच पोरीच्या घरीही जातो. लोक विचारतात, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" आम्ही त्या दोन लेकरांच्या बाजूचे आहोत. आणि जिथं पोरीवर जबरदस्ती झाली आहे, तिथं तिच्या घरावर तडजोडीसाठी दबाव आणायला आम्ही जात नाही आणि कोणी जात असेल तर अडवतो.

आम्ही बेड्यावरचे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचे. चोरी कुठंही झाली तरी आमचीच पोरं उचलतात.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मलेल्या लेकरावरही शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. कागदावरून गेलेला शिक्का माणसांच्या नजरेतून गेलेला नाही, हे आम्ही पारधी बेड्यांवर डोळ्यांनी पाहिलं आहे. बाल न्याय कायद्याच्या सुरुवातीलाच तत्त्वं दिली आहेत: मूल निर्दोष आहे असं धरून चालायचं, त्याच्या जातीवरून भेद करायचा नाही, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. ही तत्त्वं बेड्यावरच्या लेकरालाही तेवढीच लागू आहेत.

बेड्यावर दोन गोष्टी आधीच करून ठेवा. एक, प्रत्येक लेकराचा जन्मदाखला आणि शाळेतलं नाव, कारण वयाचा कागद नसला की पंधराचं पोरगं बावीसचं ठरवलं जातं. दोन, गावातल्या एखाद्या मास्तरांचा किंवा सरपंचांचा नंबर, जे रात्री उठून ठाण्यावर येतील. गावानं हे एवढं केलं तरी खूप फरक पडतो. आमच्या मते बेड्यासोबत ठाण्यावर जाणं ही गावाची जबाबदारीच आहे. तो उपकार नाही.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो आणि नाव फिरतंय.

मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो छापणं-पसरवणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रुपच्या ॲडमिनला फोन करून हे सांगा, बहुतेक जण लगेच काढतात. स्थानिक पोर्टलवर बातमी असेल तर तिचा स्क्रीनशॉट काढून वकिलाला द्या. अशी पोस्ट आपल्यापर्यंत आली तर ती पुढं पाठवू नका, "बघा किती वाईट" असं लिहूनसुद्धा नाही.

समाजानं आम्हाला वाळीत टाकलं आहे. किराणासुद्धा देत नाहीत.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही आधी चार जाणत्या माणसांना घेऊन बसतो, तक्रार त्यानंतर. पण दुकान, पाणी, दळण बंद झालं असेल तर थांबत नाही.

शाळा परत घ्यायला तयार नाही.

चौदापर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत जागा आहे, तिथं मुख्याध्यापकांच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. त्यापुढं अडलं तर शाळा व्यवस्थापन समितीत बोला, नंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. पोरगं स्वतःच लाजेनं जायला तयार नसेल तर दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. शाळेत कारण सांगताना केसचा तपशील देऊ नका. "घरच्या अडचणीमुळं खंड पडला" एवढं पुरतं.

ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी जावं का?

निकालाआधी जाऊन "केस मागे घ्या" म्हणू नका. ते धमकीसारखं दिसतं आणि पोरालाच नडतं. पण ते घरही आपल्याच गावचं आहे. तिथल्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असेल, पंचनाम्याचे कागद काढायचे असतील, तर आम्ही तेही करतो. आमच्यातल्या काहींना हे सुरुवातीला पटत नव्हतं. आता पटतं. त्या घराला एकटं सोडलं की राग साचतो आणि पोरगं सुटून आलं की तो बाहेर पडतो.

शिक्षा म्हणजे नेमकं काय होतं?

समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर जास्तीत जास्त तीन वर्षं देखरेख, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांना ठेवायची संस्था. समाजसेवा चौदा वर्षांवरच्या मुलाला सांगता येते. इथं गाव पुढं येऊ शकतं. ग्रामपंचायतीची रोपवाटिका, वाचनालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, यांपैकी कुठं काम देता येईल आणि देखरेख कोण करील, हे लिहून दिलं तर मंडळाला आदेश करणं सोपं जातं. चारचौघांत झाडू मारायला लावून तमाशा करायचा, असा याचा अर्थ नाही.

पुढं पोलीस भरतीत, सैन्यात अडचण येईल का?

सकाळी पाचला रस्त्यावर धावणाऱ्या आमच्या पोरांचा हा पहिला प्रश्न. बाल न्याय कायद्याचं कलम २४ म्हणतं की बालपणीच्या गुन्ह्यामुळं कोणतीही अपात्रता चिकटणार नाही. सोळा वर्षांवरच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालून तो दोषी ठरला, तर मात्र हे लागू होत नाही. बाकी प्रकरणांतलं रेकॉर्ड ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायचं असतं. प्रकरण संपलेलं असेल तर चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी ते उघड करायचं नसतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय दलाच्या भरतीच्या एका प्रकरणात, बालपणीच्या केसवरून उमेदवाराला डावलता येणार नाही, असाच निर्णय दिला. फॉर्मवरचा प्रश्न दरवेळी वेगळ्या शब्दांत असतो, म्हणून भरण्याआधी तो विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना दाखवा. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत घरात जपून ठेवा, रेशन कार्डाच्या पिशवीत.

घर चालवायला काही मदत मिळते का?

एक पालक नसलेल्या किंवा संकटातल्या घरातल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दर मुलामागं दरमहा २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपये मिळतात, ग्रामीण भागात वर्षाचं उत्पन्न ७२,००० च्या आत असावं लागतं. दोन्हींसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जायचं. केस झालेल्या पोराच्या धाकट्या भावंडांचा अर्ज लोक विसरतात, तो नक्की करा. गावच्या बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असतात. समिती कागदावरच असेल तर ग्रामसभेत विचारा, शेवटची बैठक कधी झाली? लेकरू संकटात दिसलं तर १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो.

सुटून घरी आला आहे. घरातून बाहेरच पडत नाही.

पहिले पंधरा दिवस अवघड जातात. पारावरची माणसं बोलता-बोलता थांबतात, ते त्याला कळतं. त्याला उपदेश करायला कोणी जाऊ नका, तो त्यानं भरपूर ऐकलेला असतो. काम घेऊन जा. आमच्या एका पोराला शेजारच्या काकांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी हाक मारली, "अरे, मोटारीची वायर जळली वाटते, जरा येतं का वावरात?" पोरगं चपला शोधायला लागलं. मायनं दारातून आम्हाला खूण केली, काही बोलू नका म्हणून.